दिवा आला, वारा कधी येणार?

सौभाग्य योजना २५ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झाली आणि ३१ मार्च २०२२ रोजी तिचा कारभार आटोपला. घरोघर वीज पोहोचवली म्हणून या काळात केवढा डंका वाजला! त्या योजनेत गरिबाच्या घराला नेमके काय मिळत होते, याची यादी मात्र फार कमी लोकांनी वाचली. खांबापासून घरापर्यंतची तार, एक मीटर, एका दिव्यापुरती वायरिंग, एलईडीचा दिवा आणि मोबाईल चार्ज करण्यासाठी एक पॉईंट. संपली यादी! पंख्याचा पॉईंट त्यात नाही. गंमत म्हणजे ज्या दुर्गम पाड्यांवर तार नेणे शक्य नव्हते, तिथे याच योजनेतून सौरऊर्जेचा संच द्यायचा होता आणि त्या संचात पाच दिवे व एक पंखा होता. म्हणजे माणसाला पंखा लागतो हे योजना लिहिणाऱ्या साहेबांना ठाऊक होते. पण ज्याच्या दारात तार गेली, त्याला प्रकाश दिला की सरकारचे कर्तव्य संपले. वारा त्याचा त्याने पाहावा!

यावर कुणी म्हणेल, त्यात काय एवढे? पंखा दीड हजारात येतो. आमच्या वस्तीत मोबाईल घ्यायला पैसे आहेत, मग पंख्याला का नाहीत? हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा सिमेंटच्या पक्क्या छताखाली बसलेले असतात. त्यांच्या छताला बिल्डरनेच हूक ठेवलेला असतो, भिंतीतून पाईप गेलेला असतो, बोर्डात रेग्युलेटरची जागा असते. त्यांना फक्त पंखा विकत घ्यायचा असतो. आमच्या माणसाला छतापासून सुरुवात करावी लागते. म्हणून पंखा घेऊनही तो टांगता न आलेली घरे आमच्या वस्त्यांत आहेत. खोके पलंगाखाली आणि माणसे अंगणात.

उकाडा सगळ्यांना सारखाच, असे म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वीटभट्टीवर, बांधकामावर, गटारात, कचऱ्याच्या गाडीवर कोण असते? दिवसभर तापलेले हे शरीर रात्री निवावे लागते. रात्री ते निवले नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस आदल्या दिवसाचा ताप घेऊनच कामावर उतरतो आणि मग उष्माघात त्याला आधी गाठतो. पत्र्याच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत भट्टी पेटलेली असते. तिथे पंखा ही चैन नाही, दुसऱ्या दिवशीची मजुरी टिकवण्याचे ते साधन आहे. परीक्षेचेही तेच. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास बाराही महिने. घामाने वही ओली होणाऱ्या मुलीला गुणवत्तेचे डोस पाजणाऱ्यांनी एक दुपार त्या खोलीत काढून दाखवावी.

इंग्रजांच्या काळात कचेरीच्या छताला कापडाचा लांब पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई आणि बाहेर व्हरांड्यात बसलेला माणूस ती ओढत राही. वारा आत साहेबाला, घाम बाहेर पंखेवाल्याला. पुढे विजेचा पंखा आला, पंखेवाल्याची नोकरी गेली. पण आत आणि बाहेर ही वाटणी गेली का? कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथली औष्णिक केंद्रे विदर्भाचा कोळसा जाळतात, राख तिथल्याच गावांवर बसते आणि वीज तारेवरून राज्यभर धावते. त्या चिमण्यांच्या आसपासच्या झोपड्यांतून रात्री माणसे अंगणात बाजा टाकून झोपतात. दोरीची तार झाली, एवढाच काय तो फरक!

आमच्या लोकांना बाबासाहेब घटनाकार म्हणून ठाऊक आहेत, पण या देशाच्या वीजधोरणाचा पायाही त्यांनी घातला हे फारसे सांगितले जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज खासगी हातांत ठेवायची की शासनाच्या मालकीची करायची, हा प्रश्न त्यांनी तिथे सरळ मांडला. वीज स्वस्त हवी आणि मुबलकही हवी, तिच्याशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय या देशातल्या माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभे राहिले. बाबासाहेबांनी विजेचा विचार माणसाच्या मुक्तीशी जोडला. आजचे राज्यकर्ते तो एका दिव्याच्या पॉईंटशी जोडतात.

आता कामाचे बोलू. पंखा स्वस्तात बसवायचा असेल तर त्याचा पहिला खर्च पंखा घेण्याच्या कितीतरी आधी, स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी करायचा असतो. रमाई आवास असो की प्रधानमंत्री आवास, ग्रामीण घरकुलाचा हिशोब पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फुटांचा. अनुदान टप्प्याटप्प्याने येते. जोते झाले की हप्ता, पुढचे काम झाले की पुढचा हप्ता. स्लॅबपर्यंत पोहोचता पोहोचता घरच्या माणसाचा खिसा रिकामा झालेला असतो, उसनवारी सुरू झालेली असते आणि गवंड्याला पुढच्या कामाची घाई असते. अशा वेळी हूक ठेवायचे कुणालाच आठवत नाही. लोखंड बांधून झाले की सळईचा आकडा असलेला फॅन बॉक्स सळयांना बांधून टाकायचा आणि तिथून भिंतीपर्यंत प्लॅस्टिकचा पाईप सोडायचा. बॉक्स शंभर-दीडशे रुपयांत येतो, पाईप त्याहून स्वस्त. काम अर्ध्या तासाचे. हे राहून गेले की मग ड्रिल मशीनवाला बोलवा, स्लॅबला भोके पाडा, अँकर फास्टनर ठोका, भिंतीवरून पट्टी फिरवा, अशी वरात निघते आणि शंभराचे काम हजारावर जाते. शिवाय स्लॅब कच्चा असेल, माल कमी पडला असेल, तर भोकाभोवती पोपडे सुटतात ते वेगळेच.

दोन खोल्या असतील तर दोन हूक ठेवावेत. आज एकच पंखा घ्यायची ऐपत असली तरी हूक दोनच. पंखा चार-पाच किलोंचा असतो, पण फिरताना तो हुकाला सतत हिसके देत असतो, म्हणून पातळ तार वाकवून केलेला आकडा चालत नाही. जाड सळईचाच हवा. टांगण्यापूर्वी एका माणसाने त्याला लोंबकळून पाहावे. ही जुन्या गवंड्यांची परीक्षा आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

घरकुलाच्या कामावर देखरेख करणारे अभियंते फोटो काढायला येतात. जोत्याचा फोटो, छताचा फोटो, लाभार्थ्याला दारात उभे करून फोटो. त्या फोटोंत हूक आहे की नाही, हे कुणी पाहिल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.

पत्र्याच्या घराची कथा वेगळी. पत्र्याला किंवा पत्र्याखालच्या लाकडी रिपेला पंखा टांगणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. भिंती पक्क्या असतील तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी पाईप किंवा अँगल टाकून त्याला पंखा घ्यावा. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्याला भोके पाडू नयेत, त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच बसते. पात्यापासून जमीन निदान सात फूट खाली हवी, आठ असेल तर उत्तम. पण आमच्या कित्येक खोल्यांची उंचीच साडेसात फूट! तिथे छताच्या पंख्याचा हट्ट धरू नये. खाटेवर उभ्या राहिलेल्या लेकराचा हात पात्यात जायला वेळ लागत नाही. अशा घरात भिंतीवरचा पंखा बरा.

आणखी एक गोष्ट पंखा विकणारा सांगत नाही. पंखा हवा थंड करत नाही. तो घाम वाळवतो आणि त्यामुळे अंगाला गार वाटते. पत्र्याखाली कोंडलेली तापलेली हवाच जर तो खाली ढकलत असेल तर दुपारी त्याच्याखाली बसणे म्हणजे चुलीपुढे बसणे. म्हणून पत्र्याच्या घरात पंख्याच्या आधी पत्र्याचा बंदोबस्त करावा. वरून चुन्याचे दोन हात मारले तरी आत फरक पडतो. अहमदाबादमध्ये २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा राबवला गेला आणि पुढे तिथल्या झोपडवस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही झाले. पावसाने चुना धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता तो पुन्हा मारावा लागतो. आतून पोत्यांचे किंवा बांबूच्या चटईचे छत बांधले तर आणखी बरे. थर्माकोल मात्र नको, ठिणगी पडली की तो घर घेऊन जातो. समोरासमोर दोन झरोके असतील तर पंख्याला बाहेरची हवा मिळते. आमच्या घरांना झरोके का नसतात, हा पुन्हा जागेचा प्रश्न. तीन बाजूंनी शेजाऱ्याची भिंत, झरोका काढणार कुठे?

पंखा निवडताना आमचा माणूस किंमत पाहतो आणि व्यवस्थेने त्याला तेवढेच पाहायला शिकवले आहे. साधा पंखा साधारण तेराशे ते दोन हजारांत मिळतो आणि पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज ओढतो. बीएलडीसी नावाचा नवा पंखा अडीच ते साडेतीन हजारांत येतो आणि तीस वॅटच्या आसपास वीज घेऊन तेवढाच वारा देतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे, तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, खोक्यावरचे तारे आणि वॅट स्वतः वाचावेत. हजार-बाराशे रुपये जास्त का द्यायचे, हे समजून घ्यायचे तर विजेच्या दरपत्रकात शिरावे लागते, आणि खरे राजकारण तिथेच लपलेले आहे.

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा वेगळा वर्ग होता आणि त्याला सर्वांत कमी दर होता. अटी दोन. मंजूर भार पाव किलोवॅट, म्हणजे २५० वॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटपर्यंत. ऐकायला बरे वाटते. आता एका घराचा हिशोब मांडू. नऊ वॅटचे दोन दिवे, रोज पाच तास. वर्षाला सुमारे ३३ युनिट. एक साधा टीव्ही पंचाहत्तर वॅटचा, रोज चार तास. वर्षाला सुमारे ११० युनिट. पंचाहत्तर वॅटचा एक पंखा, वर्षातले आठ महिने, रोज बारा तास. २१६ युनिट. बेरीज करा. ३५९! म्हणजे दोन दिवे, एक टीव्ही आणि एक पंखा एवढ्यावर सरकारचा गरीब माणूस संपतो. घरात म्हातारी आई आहे, तिच्या खोलीत उन्हाळ्याचे चार महिने दुसरा पंखा रोज आठ तास लावला की आणखी ७२ युनिट झाले आणि घर वर्गातून बाहेर फेकले गेले. दुसऱ्या पंख्याचा वारा लागला म्हणून तुम्ही गरीब राहिला नाहीत! ही रेषा कुणी, कोणत्या खोलीत बसून आखली असेल? त्या खोलीत पंखा होता की वातानुकूलन यंत्र?

हाच हिशोब तीस वॅटच्या पंख्यांनी करून पाहा. पहिला पंखा ८६ युनिट, दुसरा २९. दिवे आणि टीव्ही धरून २५८. दोन पंखे लावूनही घर ३६० च्या आत राहते, आणि भारही २५० वॅटच्या बराच आत. म्हणजे महाग पंखा घेणारा गरीब त्या वर्गात टिकतो आणि स्वस्त पंखा घेणारा बाहेर पडतो. हा उलटा न्याय ओळखूनच खरेदी करावी. सामान्य घरगुती वर्गात असलेल्यांनाही यात फायदा आहे. त्याच दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटांना साधारण सहा रुपये आणि शंभराच्या पुढच्या युनिटांना साधारण साडेअकरा रुपये दर होता. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. शंभराच्या आतल्या घरात हे जवळजवळ शंभर रुपये झाले, शंभराच्या पुढे गेलेल्या घरात पावणेदोनशेच्या वर. वरचे हजार-बाराशे साधारण दीड उन्हाळ्यात फिटतात.

पण हातात एकरकमी तीन हजार नसणे, हीच तर गरिबी आहे. इथे शासनाने हात द्यायला हवा होता. एलईडी बल्बच्या बाबतीत तो दिला गेला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभरात छत्तीस कोटींवर बल्ब वाटले गेले आणि बल्बचा भाव कोसळला. त्याच योजनेत कमी विजेचे पंखेही होते. किती गेले? तेवीस-चोवीस लाख. छत्तीस कोटी आणि चोवीस लाख, इथेही दिवा पुढे आणि वारा मागे. कराचे पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आणला गेला. मध्यमवर्गाने टाळ्या वाजवल्या. पंख्यावर आधीही अठरा होता आणि नंतरही अठराच राहिला. एसी घेणारा आणि पंखा घेणारा एकाच रांगेत उभे केले गेले. समता म्हणतात ती हीच का?

जुन्या बाजारातला पंखा घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही, कारण कित्येकांना तोच परवडतो. पण कॉईल पुन्हा भरलेला पंखा जास्त वीज ओढतो आणि तापतो. तासभर चालवून वरच्या भागाला हात लावून पाहावा, चटका बसला तर परत करावा. घरातला पंखा हळू फिरू लागला की लगेच नवा घ्यायची गरज नाही, बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. तो शंभराच्या आत मिळतो. पात्यांवरची धूळ पुसली तरी वारा वाढतो. आणि तो जुना, डब्यासारखा, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर काढून टाकावा. पंखा हळू केला तरी तो उरलेली वीज उष्णतेत घालवतो आणि बिल फारसे उतरत नाही. बीएलडीसी पंख्याला मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर लागतच नाही, त्याचा वेग रिमोटने किंवा त्याच्या स्वतःच्या बटणाने बदलतो. तेव्हा रेग्युलेटरचे पैसे त्या हिशोबातून वजा करावेत.

तारेवर मात्र काटकसर नको. दिव्याच्या वायरीतून पंखा, पंख्याच्या वायरीतून टीव्ही, त्यातून मिक्सर, असा सगळा कारभार एका पातळ वायरवर चालतो आणि सांधे चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात. पंख्याला तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, आणि अर्थिंगची तार जोडल्याशिवाय पंखा सुरू करू नये. ओल्या भिंतीतून, पत्र्यातून, लोखंडी पाईपमधून पावसाळ्यात विजेचा धक्का बसून माणसे मरतात, बातमी दोन ओळींची येते. गळती झाल्याबरोबर वीज तोडणारे एक यंत्र मिळते, आरसीसीबी म्हणतात त्याला, तीस मिलिअँपिअरचे घ्यावे. त्याला पैसे पडतात, पण ते घरातल्या प्रत्येकाच्या जिवाची राखण करते.

हे काम कुणाकडून करून घ्यायचे? आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री हे दोन अभ्यासक्रम आहेत. ते पास झालेली आमची किती मुले आज कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून उभी आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वस्तीत तारतंत्री बेकार बसलेला आणि वस्तीचे पंखे शहरातला दुकानदार मनमानी दराने लावणार, हे चित्र बदलणे आमच्या हातात आहे. एका घरी येऊन एक पंखा टांगायचे साधारण दोन-तीनशे रुपये जातात, कारण येण्या-जाण्याचा वेळ त्यात धरलेला असतो. तेच वीस घरांचे काम एका रांगेत दिले तर दर निम्म्यावर येतो आणि आमच्याच पोराला चार दिवसांचे काम मिळते. वीस पंखे एकदम घेतले तर दुकानदार ठोकचा भाव लावतो. बचत गटाने पैसे भरावेत, घराने महिन्याला दोनशे-तीनशे फेडावेत. वाचलेल्या बिलातून यातला मोठा भाग निघतो.

जयंतीचे बोलल्याशिवाय राहवत नाही. चौदा एप्रिल ऐन उन्हाळ्यात येते. डीजेच्या एका रात्रीला वस्तीची वर्गणी किती जाते, हे जयंती मंडळांनी आपल्याच वहीत पाहावे. आम्ही जयंतीच्या विरोधात नाही, मिरवणूक निघालीच पाहिजे. पण भिंती हादरवणाऱ्या त्या यंत्रासाठी एका रात्रीत जेवढी वीज आणि जेवढा पैसा जाळला जातो, तेवढ्यात किती घरांचे अर्थिंग होईल, हा हिशोब एखाद्या मंडळाने विहाराच्या फळ्यावर लिहून दाखवावा. विहारात निदान चार पंखे आणि रात्री उघडा राहणारा दरवाजा असेल, तर मे महिन्यात म्हातारी माणसे आणि अभ्यास करणारी मुले तिथे झोपू शकतील.

आपल्याच घरातली एक विषमता इथे सांगितली पाहिजे. पंखा पुढच्या खोलीत लागतो. तिथे बाप बसतो, पाहुणे बसतात, टीव्ही असतो. आतल्या खोलीत गॅस किंवा चूल. पंख्याने ज्योत विझते म्हणून तिथे पंखा नाही, खिडकीही नाही. धुणीभांडी करून आलेली बाई पुन्हा त्या भट्टीत दोन तास उभी राहते आणि भाकऱ्या पुढच्या खोलीत जातात. व्हरांड्यातल्या त्या पंखेवाल्याची जागा आमच्या घरात कुणाला दिली आहे, ते यावरून दिसते. स्वयंपाकाच्या जागी छताचा पंखा नको हे खरे, पण भिंतीत वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा लहान एक्झॉस्ट पंखा बसतो. तो हजार-दीड हजारांत येतो. धूर आणि वाफ बाहेर जाते, ज्योत विझत नाही. घरात एकच पंखा घ्यायचे पैसे असतील तर तो कुठे लावायचा, हे घरातल्या बाईला विचारून ठरवावे.

ज्यांच्याकडे मीटरच नाही, त्यांना हे सगळे पाल्हाळ वाटेल. गायरानावर, रेल्वेच्या कडेला, नाल्याकाठी राहणारे आमचे हजारो लोक शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर घेतात आणि तो सांगेल तो दर देतात, नाहीतर तारेवर आकडा टाकतात. एकीकडे लूट, दुसरीकडे वीजचोरीचा गुन्हा. अशा प्रत्येकाने वीज कायदा २००३ चे कलम ४३ लक्षात ठेवावे. त्यात वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला दिला आहे, तसाच भोगवटादारालाही. भोगवटादार हा शब्द महत्त्वाचा. सातबारा तुमच्या नावावर नाही, हे एकच कारण सांगून कारकुनाने अर्ज परत केला तर तो लेखी मागावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांनुसार नवी जोडणी महानगरात तीन, नगरपालिका क्षेत्रात सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यायची आहे, डोंगराळ ग्रामीण भागात तीस. महावितरणने २०२१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी बाबासाहेबांच्या नावे जीवन प्रकाश योजना काढली होती. अनामत पाचशे रुपये, तीही पाच हप्त्यांत. पण अर्जासोबत परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल हवा आणि जुनी थकबाकी नको, या अटी होत्या. ज्याच्या घरात वायरिंगच नाही त्याने अहवाल कुठून आणायचा? नाव बाबासाहेबांचे आणि वायरिंगचा खर्च पुन्हा गरिबाच्याच माथी.

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. घरकुल मंजूर होते तेव्हाच्या अंदाजपत्रकात दोन हूक, दोन पंख्यांचे पॉईंट आणि अर्थिंग यांचा खर्च वेगळा दाखवावा आणि छताच्या टप्प्याचा हप्ता देताना हुकाचा फोटो घ्यावा. रमाई आवासच्या लाभार्थ्याला कमी विजेचा एक पंखा घरासोबतच मिळावा. दारिद्र्यरेषेखालच्या वीजवर्गाची ३६० युनिटांची मर्यादा दोन पंख्यांचा वापर धरून नव्याने ठरवावी. यातली शेवटची मागणी राज्य वीज नियामक आयोगापुढे जाते. दर ठरवण्यापूर्वी आयोग लोकांच्या हरकती मागवतो, उद्योगपतींच्या संघटना तिथे वकील घेऊन हजर असतात. आमच्या वस्तीतून तिथे अर्ज जायला हवेत. पहिल्या दोन मागण्या ग्रामसभेत मांडता येतात. १ मे च्या ग्रामसभेला ठराव लेखी न्यावा, वाचून दाखवावा, कार्यवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नये आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही-शिक्क्यासह पोच घेऊनच घरी यावे.